उजेडात आणल्यावर

रात्री उशिरा बघितलेला एक साधा व्हिडिओ काही केल्या डोक्यातून जाईना. जाळं ओढणाऱ्या ट्रॉलर बोटीचा ओला डेक, मागे दोर गुंडाळणाऱ्या विंचची घरघर, आणि जाळ्याच्या शेपटाची गाठ सोडल्याबरोबर टेबलावर धबकन कोसळलेला ढीग. राखाडी चिखल, तारामासे, कुठले कुठले चपटे मासे आणि त्यात अडकलेले नारिंगी रंगाचे, लांबसडक नांग्यांचे नॉर्वे लॉबस्टर. टेबलाभोवती रबरी एप्रन घातलेले तिघंचौघं. हात इतके सराईत, की त्यांना खाली बघावंही लागत नव्हतं. मोठे एका क्रेटमध्ये, मधले दुसऱ्यात, आणि बारके पन्हळीतून पाण्याच्या झोताबरोबर परत समुद्रात. चित्रीकरण करणारा कौतुकानं सांगत होता, लहानांना आम्ही ठेवत नाही, सोडून देतो, वाढले की पुन्हा येतील. ऐकायला बरं वाटलं. तेवढ्यात कॅमेरा एका बारक्यावर क्षणभर थांबला. लख्ख ऊन पडलं होतं. घेवड्याच्या बियांसारखे काळेभोर डोळे देठांवर हलत होते आणि त्यांच्यावर ऊन चकाकत होतं. मग तोही पन्हळीत गेला.

त्या डोळ्यांपायी मी नंतर कितीतरी वाचत बसले. हा प्राणी ईशान्य अटलांटिक आणि भूमध्य समुद्राच्या तळाशी, मऊ चिखलात बिळं करून राहतो. कुठे वीस मीटरवर, तर कुठे आठशे मीटरवर. तिथवर पोचतो तो उजेड निळसर, विरत आलेला, असून नसल्यासारखा. उथळ पाण्यातले लॉबस्टर रात्री बिळाबाहेर पडतात, खूप खोलातले दिवसा. म्हणजे आपल्याला किती उजेड झेपतो ते ओळखून प्रत्येकानं आपली वेळ ठरवलेली. एवढ्याशा उजेडाचा कण न् कण टिपायला घडलेला तो डोळा भर दिवसा डेकवर आला, की आतला पडदा खराब होतो. शास्त्रज्ञ १९७०च्या दशकापासून हे तपासत आले आहेत, आणि ही इजा भरून येत नाही. पन्हळीतून सुटलेला तो बारका समुद्रात परत गेला खरा, पण बहुधा आंधळा होऊन.

एवढं कळल्यावर पुढची शोकांतिका मी मनातल्या मनात लिहूनही टाकली. आंधळा म्हणजे चाचपडणार, बिळाचं तोंड सापडणार नाही, एखाद्या कॉड माशाच्या घशात जाणार. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं ती सगळी पुसून टाकली. स्कॉटलंडच्या पाण्यात काही लॉबस्टर डोळे शाबूत असलेले आणि काही उजेडानं डोळे गेलेले, असे खुणेच्या चिठ्ठ्या लावून सोडले होते. पुढे त्यांतले जे पुन्हा हाती लागले, त्यांच्या जगण्यात आणि वाढीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मिशांनी वास कळतो, अंगावरच्या केसांनी पाण्याची हालचाल कळते, पायांनी जमीन कळते. तळाशी तेवढ्यावर निभावत असणार. हे वाचून आनंद व्हायच्या आधी माझा किंचित हिरमोडच झाला. रडायची सगळी तयारी करून बसावं आणि कुणीतरी येऊन सांगावं, की तसं काही झालेलं नाही.

जगतात ते. फक्त दिसत नाही.

आता हे 'फक्त' कुठे मोजायचं, हा प्रश्न उरतो. युरोपीय संघानं २०१५ ते २०१९ या वर्षांत टप्प्याटप्प्यानं एक नियम आणला. कोट्यातली, म्हणजे किती पकडायची याची मर्यादा ठरलेली मासळी जाळ्यात आली तर ती पुन्हा समुद्रात फेकायची नाही, बंदरावर आणून कोट्यात धरायची. फेकाफेकीत जी अफाट नासाडी व्हायची, तिला आळा घालायला हा नियम होता, आणि तो हवाच होता. मात्र परत सोडलेला जीव मोठ्या प्रमाणात जगतो असं दाखवता आलं, तर सूट. पिंजऱ्यात पकडलेल्या नॉर्वे लॉबस्टरला ही सूट मिळाली, आणि काही भागांत ट्रॉलच्या जाळ्यात आलेल्यांनाही. ते दाखवायची रीत साधी आहे. डेकवरून उचललेले लॉबस्टर टाकीत ठेवायचे आणि दिवसामागून दिवस किती जिवंत, किती मेले ते लिहून घ्यायचं. हिशेब या दोनच शब्दांत लागतो. माझं मत विचाराल तर सूट योग्यच आहे. मरून बंदरावर आलेल्यापेक्षा आंधळा होऊन बिळात गेलेला बरा. तरी 'परत सोडला' हे ऐकून जे सुटल्यासारखं वाटतं, ते आता मला तितकंसं वाटत नाही. त्या मानानं अमेरिकेतल्या मेन राज्यातली जुनी पद्धत मला जास्त भावते. अंडी पोटाशी धरलेली मादी पिंजऱ्यात आली, की तिच्या शेपटाच्या पंख्याला त्रिकोणी खाच पाडून तिला सोडून देतात. पुढे कधी ती अंड्यांविना जरी सापडली, तरी ती खाच बघून दुसऱ्या कुणीही तिला ठेवायचं नाही. पहिल्यानं सोडलेली मादी दहाव्यानंही सोडायची. मोजपट्टीही दोन टोकांची असते: फार लहान तो नको, आणि फार मोठा तोही नको, कारण पिलावळ मोठ्यांचीच जास्त.

पण त्या डोळ्याचं माझं अजून संपलेलं नव्हतं. आपल्या डोळ्यात भिंग असतं, ते उजेड वाकवून एका जागी आणतं. लॉबस्टरच्या डोळ्यात भिंगाचं हे काम आरसे करतात. डोळ्याचा पृष्ठभाग जवळून पाहिला तर त्यावर बारीक चौकोनांची जाळी दिसते, आलेखाच्या कागदासारखी काटेकोर. प्रत्येक चौकोन म्हणजे एका चिमुकल्या नळीचं तोंड, आणि नळीच्या आतल्या भिंती आरशासारख्या. त्यांवरून परावर्तित होत होत शेकडो नळ्यांतला उजेड आत एकाच ठिकाणी जमा होतो, म्हणून अंधूक जागीही दिसतं. अशा डोळ्यांचं हे कोडं १९७०च्या दशकात सुटलं, आणि १९७९ साली रॉजर एंजल या खगोलशास्त्रज्ञानं सुचवलं, की क्ष-किरणांची दुर्बीण अशीच बनवावी. क्ष-किरण भिंगानं नीट वळत नाहीत, पण अगदी तिरपे आले तर आरशावरून परावर्तित होतात. एवढं सुचलं तरी ते प्रत्यक्षात यायला काही दशकं गेली. ९ जानेवारी २०२४ रोजी चीननं सोडलेल्या 'आइनस्टाइन प्रोब' या उपग्रहावरची मोठी दुर्बीण या चौकोनी नळ्यांची आहे. आकाशाचा प्रचंड पट्टा ती एका वेळी न्याहाळते आणि कुठल्या तरी दूरच्या ताऱ्याचा अचानक झालेला स्फोट टिपते. डेकवर माल निवडणाऱ्याला हे सांगितलं तर तो मान डोलावून पुढचा क्रेट ओढेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. त्याला भरती-ओहोटी सांभाळायची असते, डिझेलचा खर्च काढायचा असतो.

माणसापासून शेवंडांना, म्हणजे मोठ्या नांग्या नसलेल्या काटेरी जातींना, आणि लॉबस्टरना इतकी वर्षं वाचवलं ते मुख्यतः खोलीनं. पिंजरा हातानं ओढायचा म्हटलं की माणसाची मजल ठरलेली असते. दहा-वीस वाव दोर ओढून खांदे भरून येतात; एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. विंच आली, तळ दाखवणारी यंत्रं आली, जहाजावरच माल गोठवायची सोय झाली, आणि बघता बघता दीडशे-दोनशे वावांवरचा तळही आवाक्यात आला. दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यापुढे शंभर-दीडशे मीटरवर राहणारी काटेरी शेवंड १९७४पासून व्यापारी पकडीत आली. एकेका लांब दोराला शंभर-शंभर पिंजरे बांधून ते तळाशी टाकतात. न्यूझीलंडच्या पाण्यात दोनशे ते पाचशे मीटरवर स्कॅम्पी नावाचा नांग्यांचा लॉबस्टर ट्रॉलनं पकडतात. आपल्या बाजूला केरळातल्या कोल्लमसमोरच्या खोल उतारावर लांब मिशांची, हातभरही नसलेली एक शेवंड खोल पाण्यातल्या कोळंबीबरोबर जाळ्यात येते. जागा वेगळ्या, जाती वेगळ्या, पण गोष्ट पुष्कळदा एकाच वळणानं जाते. पहिली एक-दोन वर्षं पिंजरे ओसंडून येतात, कारण तिथे वर्षानुवर्षं न हललेला साठा असतो. थंड पाण्यात वाढ सावकाश, अंडी धरण्याचं वय उशिराचं. साठा उपसून झाला की जे उरतं ती दर वर्षाची खरी वाढ, आणि ती फारच थोडी असते. दक्षिण आफ्रिकेच्याच क्वाझुलू-नाताळ प्रांतासमोर १९९४ ते १९९७ अशी खोल शेवंडांवर पिंजऱ्यांची प्रायोगिक मासेमारी झाली. पकड इतकी झपाट्यानं घसरली की पुढे ती चालवण्यात अर्थ राहिला नाही.

व्हेमाची गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त छळते. केप टाउनपासून साधारण हजार किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये, समुद्राच्या तळापासून साडेचार हजार मीटर उठून पृष्ठभागाखाली जेमतेम सव्वीस मीटरवर थांबलेला हा डोंगर. व्हेमा नावाच्या संशोधन जहाजाला तो १९५९ साली सापडला. त्याच्या माथ्यावर शेवंडांची दाटी होती; तीच जात, जी आणखी पश्चिमेला ट्रिस्टन दा कुन्हा बेटांभोवती राहते. ती तिथे पोचली असणार पिल्लं होऊन. या शेवंडांची पिल्लं काचेच्या पापुद्र्यासारखी असतात, चपटी आणि आरपार दिसणारी, आणि महिनोन् महिने समुद्राच्या प्रवाहावर तरंगतात. त्यांतली बहुतेक कुठे पोचतच नाहीत. काही थोडी नेमकी या डोंगरावर येऊन पडली असतील, मग आणखी काही, असं किती काळ चाललं असेल कुणास ठाऊक. मच्छीमार जहाजांना हे कळलं आणि १९६०च्या दशकातच तिथला साठा संपुष्टात आला. पुढे थोडाफार सावरला, तेव्हा पुन्हा पकडला गेला. २००७पासून तिथे तळाशी लागणाऱ्या मासेमारीला बंदी आहे. २०१९मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचे पाणबुडे उतरले, तेव्हा सोडून दिलेलं मासेमारीचं सामान तिथे होतंच. पाण्यात हरवलेला पिंजरा आपलं काम थांबवत नाही. आत शिरलेला मरतो, त्याच्या वासानं दुसरा येतो. म्हणून हल्ली पिंजऱ्याला ठरावीक काळानं कुजून गळून पडेल अशी झडप लावायची सक्ती अनेक ठिकाणी आहे. ही युक्ती मला विलक्षण आवडते. आपण विसरणार, हे आधीच धरून चालणारा नियम.

जे दिसत नाही ते मोजायचं कसं? नॉर्वे लॉबस्टर बिळात असेल तर जाळ्यात येत नाही; अंडी धरलेल्या माद्या तर महिनोन् महिने बाहेरच पडत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात बहुतेक नरच सापडतात. म्हणून शास्त्रज्ञ लॉबस्टर मोजायच्या भानगडीत न पडता बिळं मोजतात. कॅमेरा बसवलेली एक घसरगाडी जहाजामागून चिखलावरून हळूहळू ओढत न्यायची, आणि ते चित्रण दोन माणसांनी वेगवेगळं, डोळ्यांत तेल घालून बघायचं. राखाडी पडद्यावर खड्डे सरकत जातात. एका बिळाला अनेक तोंडं असतात. कुठली तोंडं एका घरातली आणि कुठली शेजाऱ्याची, हे ओळखण्यातच सगळं कसब. शेवटी एक बीळ म्हणजे एक लॉबस्टर असं धरायचं आणि त्यावरून किती पकडायचे ते ठरवायचं. आयर्लंडच्या पश्चिमेला पॉर्क्युपाइन बँक म्हणून उथळवटा आहे. उथळवटा म्हणायचा तो आजूबाजूच्या मानानं, एरवी लॉबस्टर तिथे तीनशे ते सहाशे मीटरवर आहेत. तिथली अवस्था वाईट झाल्यावर २०१०पासून वर्षातला काही काळ एक भाग बंद ठेवायला लागले आणि २०१२पासून तिथेही ही घसरगाडी फिरते. इतकं बारकाईनं पाहूनही या प्राण्याच्या तोंडाशी काय आहे हे १९९५पर्यंत कुणाला उमगलं नव्हतं. त्याच्या तोंडाजवळच्या केसांवर एक मिलिमीटरहून लहान जीव चिकटून राहतो, आणि तो इतका न्यारा निघाला की त्याच्यासाठी प्राण्यांच्या वर्गीकरणात एक नवा संघच (फायलम) मांडावा लागला. त्याचं नाव सिंबियॉन पँडोरा. तोवर लाखो लॉबस्टर माणसांच्या हातांखालून गेले होते.

खोलीची किंमत फक्त तेच प्राणी देतात असंही नाही. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या मॉस्किटिया किनाऱ्यावरचे मिस्किटो लोक पिढ्यानपिढ्या समुद्रात बुडी मारत आले. उथळातली शेवंड कमी झाली, तशी पाठीवर हवेच्या टाक्या बांधून तीस-चाळीस मीटरवर, दिवसातून अनेकदा, धड शिक्षण नाही की धड उपकरणं नाहीत, असं उतरायला लागले. खाली दाबात रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईनं वर आल्यावर बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि मज्जारज्जूत अडकतो. पाय जातात. कित्येकांचा जीवच जातो. या लोकांतल्या ४२ पाणबुड्यांचं प्रकरण आंतर-अमेरिकन मानवाधिकार न्यायालयापुढे गेलं आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी निकाल लागला: बोटींवर देखरेख ठेवली नाही म्हणून होंडुरास सरकार जबाबदार. निकालाचा सारांश वाचताना मला सारखी ती पन्हळ आठवत होती आणि मी स्वतःवरच चिडत होते. माणसाचं दुःख लॉबस्टरशेजारी मांडू नये, असं मला वाटतं. पण दोघांचं शरीर ज्या खोलीसाठी घडलेलं, तिथून त्याला भलत्या वेगानं भलत्या ठिकाणी ओढलं गेलं, एवढं साम्य डोळ्यांआड करता येईना.

दोराचंही एक प्रकरण आहे. पिंजरा तळाशी आणि बोया वर, त्यामधला उभा दोर हीच काय ती पिंजऱ्याची खूण. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असे लाखो दोर पाण्यात उभे असतात आणि त्यांच्यातून राइट व्हेल ये-जा करतात. या व्हेलची उत्तर अटलांटिकमधली संख्या आता सुमारे ३८०. मेनचे मच्छीमार म्हणत, आमच्या दोरानं व्हेल मेल्याचा पुरावा दाखवा. २०२०मध्ये त्या राज्यानं आपल्या दोरांवर जांभळ्या खुणा करायला लावल्या, म्हणजे संशय आला तर शहानिशा होईल. २८ जानेवारी २०२४ला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर तीन वर्षांची एक मादी व्हेल मरून किनाऱ्याला लागली. शेपटाच्या मुळाशी रुतून बसलेला दोर, आणि त्यावर जांभळी खूण. २०२२च्या ऑगस्टपासून ती तो दोर घेऊन पोहत होती. त्याच वर्षी, म्हणजे २०२२मध्येच, मेनच्या लॉबस्टरचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र स्थगित झालं होतं आणि बंदरांतून संतापाची लाट उसळली होती. तो संताप मला समजतो. खाच पाडून मादी सोडणारी, मोठ्यांना हात न लावणारी हीच माणसं. आपल्या परीनं नीट वागत आलेल्यांना कुणीतरी लांबून येऊन गुन्हेगार म्हणालं तर राग येणारच. पण जांभळी खूणही खोटी नव्हती.

यावर उपाय म्हणून दोराविना पिंजरे निघाले आहेत. पिंजरा तळाशी मुका पडून राहतो. बोटीवरून ध्वनीचा इशारा दिला की त्याला जोडलेला बोया सुटतो किंवा पिशवीत हवा भरते, आणि सामान वर येतं. ऐकायला झकास. मच्छीमारांच्या तक्रारी मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. एक म्हणजे किंमत, साध्या पिंजऱ्याच्या कितीतरी पट. दुसरी मला जास्त वजनदार वाटते: वर बोया नसेल, तर खाली कुणाचे पिंजरे आहेत हे दुसऱ्याला कळणार कसं? तो आपले पिंजरे त्यावरच टाकेल, नाहीतर एखादा ट्रॉलर जाळं ओढत सगळं घेऊन जाईल. म्हणजे प्रत्येक बोटीला दुसऱ्याचे पिंजरे पडद्यावर दिसायला हवेत, आणि आपली चांगली जागा जगाला दाखवायला कुठला मच्छीमार राजी होईल? अमेरिकी सरकारच्या मत्स्यविज्ञान केंद्रानं अशा सामानाचा एक साठा केला आहे. तिथून ते उसनं न्यायचं, वापरून बघायचं, काय बिघडलं ते सांगायचं आणि परत करायचं. दोरांसाठी बंद केलेल्या भागांत परवाना घेऊन काही बोटी ते वापरत आहेत. लॉबस्टरच्या धंद्यावर व्हेलसाठी नवे कडक नियम लादायला अमेरिकी संसदेनं २०२२च्या अखेरीस स्थगिती दिली, ती ३१ डिसेंबर २०२८पर्यंत आहे. तोवर बोयाही राहणार आणि दोरही राहणार, आणि उसनं सामान नेणाऱ्यांतला कुणी ना कुणी दर मोसमात सांगणार, की इशारा दिला, पण पिंजरा वर आलाच नाही.